वाऱ्याची लाइन

बाबा गेले तेव्हा पाइप यायचे होते. तेरवी आटोपली, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि मग एका दुपारी मलकापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. बाबांचा मोबाइल तेव्हा माझ्याकडे असायचा.

"काका, तुमचा माल येऊन पडला आहे. केव्हा नेता?"

"मी त्यांची मुलगी बोलते," मी म्हटलं. "नेते."

त्याने गोदामाचा पत्ता सांगितला, तो मी लिहून घेतला.

माल म्हणजे पांढऱ्या पाइपांच्या मोळ्या, वळणदार जोडांचं एक खोकं आणि दोन माणसांनी उचलावं असं एक यंत्र. सगळं भाड्याच्या टेम्पोतून आणून मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, वर ताडपत्री टाकली आणि पावसाळा संपेपर्यंत तिकडे फिरकले नाही.

आमचं घर मोताळ्याच्या पुढे, रस्त्याला लागून. पुढे मातीच्या भिंतींच्या, वर पत्रे टाकलेल्या जुन्या खोल्या. त्यांच्या पाठीला पाठ लावून बाबांनी गेल्या वर्षी नवीन बांधकाम काढलं होतं. स्लॅब पडला होता, भिंती उभ्या होत्या, प्लास्टर व्हायचं होतं. हे सगळं चाललं होतं ते आईच्या दम्यासाठी. एरवी वर्षभर ती ठीक असते. पण सोयाबीन निघायला लागलं, अंगणाअंगणात मळणीयंत्रं धडधडू लागली, की तिचा श्वास आखडतो. त्यामागून कापूस येतो. म्हणून दरवर्षी सोयाबीनच्या तोंडाला ती पुण्याला दादाकडे जायची आणि संक्रांतीच्या सुमाराला परत यायची. जाताना रडायची नाही, पण आठ दिवस आधीपासून बोलणं कमी करायची. तिथं खोकला नव्हता, पण दिवस जात नव्हता. इकडे बाबा स्वतःच्या हाताने भाकरी थापून खायचे आणि फोनवर तिला सांगायचे, "तुयापरीस चांगली जमते मले."

एका वर्षी दादाने साधा व्हॅक्यूम क्लीनर पाठवला. बाबांनी तो जुन्या खोलीत लावला. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून सकाळी उन्हाची काठी जमिनीवर उतरते. त्या काठीत बाबांना दिसलं की यंत्र पुढून धूळ ओढतंय आणि मागून तीच धूळ बारीक होऊन पुन्हा खोलीत येतेय. "हे पुढून खाते अन् मांगून ओकते," असं म्हणून त्यांनी ते बंद केलं. पुढे पुण्याला दादाच्या एका ओळखीच्या बंगल्यात त्यांनी वेगळीच व्यवस्था पाहिली. यंत्र बाहेर, गाडी ठेवतात तिथं. भिंतींच्या आतून पाइप. खोलीत फक्त झाकण असलेलं तोंड. तोंडात नळी खुपसली की धूळ भिंतीतून थेट घराबाहेर. परत आल्यावर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घ्यायचे असं ठरलं. आणि मग वैशाखात, अंगणात बाजेवर बसल्या बसल्या ते गेले.

पोळा झाल्यावर दादाचा फोन आला.

"यंदा आईला आणतो ते कायमचंच. तू दिवसभर बुलढाण्याला लायब्ररीत. तिला दम लागला तर पाणी द्यायलाही कोणी नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, सकाळच्या बसने जाते आणि दिवेलागणीला येते. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

"बाबांचे पाइप पडले आहेत," मी दादाला म्हटलं. "ते बसवून घेते. सोयाबीन निघेल तेव्हा आई इथं राहू शकली तर राहील. नाही तर मी स्वतः तिला आणून सोडते."

"कायमची?"

"कायमची," मी म्हटलं. ते ऐकून आईचे हात पुन्हा चालू लागले.

पाइप बसवणारा माणूस बाबांनीच ठरवून ठेवला होता. आमच्या शिवारात बहुतेकांच्या वावरात ठिबक त्यानेच टाकलं आहे. वयाने माझ्याएवढा, अंगाने सडपातळ, आणि काम करताना सतत बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने एक पाइप उचलला, डोळ्याला लावून त्यातून अंगण पाहिलं आणि विचारलं, "ताई, यातून पानी नाई जात?"

"नाही. वारा जातो. वाऱ्यासोबत धूळ."

"मंग वाऱ्याची लाइन म्हना न. काका मले मशीन मशीन करून समजावत होते."

यंत्र शेडमध्ये बसवायचं होतं. तिथून नवीन घराच्या बाजूच्या भिंतीच्या पायथ्याने मुख्य पाइप न्यायचा आणि प्रत्येक खोलीला एक फांदी काढायची. फांदी काढायला इंग्रजी वाय अक्षरासारखे जोड होते. खोक्यात एक माहितीपत्रक होतं. ते मी मराठीत वाचून दाखवायची आणि तो मान डोलवायचा. काटकोनी वळण नको, लांब वळण घ्यावं. चिकटवायचं सोल्युशन पाइपाला बाहेरून लावावं, जोडाच्या आतून लावू नये. पाइप कापल्यावर आतली खरखर काढून टाकावी, नाही तर केस आणि दोरे तिथं अडकतात. या शेवटच्या सूचनेवर तो थांबला. घरात गेला, आईकडून वातीचा थोडा कापूस मागून आणला. प्रत्येक तुकडा कापून घासून झाला की तो कापूस काडीने आतून फिरवायचा. एक तंतू जरी मागे राहिला तरी पुन्हा ब्लेड घ्यायचा.

"कापूस निंगला म्हंजे कायबी निंगते," तो म्हणाला.

पाइपासोबत एक बारीक वायरही न्यायची होती, नळी तोंडात खुपसली की यंत्र आपोआप सुरू व्हावं म्हणून. ती त्याने बोअरच्या स्टार्टरची वायर बांधतात तशी नीट पाइपाला बांधत नेली. संध्याकाळी तो गेला तेव्हा उघड्या विटांच्या पायथ्याशी पांढरी रेघ शेडपासून शेवटच्या खोलीपर्यंत गेलेली होती. मी चहाचा कप घेऊन तिथं उभी राहिले. बाबा असते तर त्यांनी आता शेजारच्या सगळ्यांना बोलावून आणलं असतं.

सहज म्हणून मी माहितीपत्रक पुन्हा चाळलं. त्यात फांदीच्या जोडाचं चित्र होतं आणि चित्रावर एक बाण. बाण यंत्राकडे होता. मी भिंतीशी वाकून पाहिलं. आमच्या फांद्या यंत्राकडून खोल्यांकडे वळलेल्या होत्या. एकूण एक.

सकाळी मी त्याला चित्र दाखवलं. त्याने कागद उलटासुलटा फिरवून पाहिला.

"मोटर कुठी हाय?" त्याने विचारलं.

"शेडमध्ये."

"मंग मोटरीतून निंगूनच जाईन न खोलीत?"

"नाही हो. खोलीतून निघून मोटरकडे येईल. ओढायचं आहे, सोडायचं नाही."

तो विटांच्या थप्पीवर बसला. "आयुष्यभर मोटरीपासून वावराकडंच लाइन टाकली, ताई. वावरातून मोटरीकडं येनारी लाइन पाह्यलीच नाई कधी." मग एकदम आठवून म्हणाला, "अन् काकाच म्हनले होते न मले, काई नाई बे, ठिबकासारखंच हाय!"

माझ्याही हातात कागद दिवसभर होता आणि मलाही ते सरळच वाटत आलं होतं. मोटर म्हटली की तिथून काही तरी निघायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

"काय झालं वो?" आई जुन्या घराच्या दारातून विचारत होती.

"काकाईनं उलटी लाइन टाकाले लावली, काकू."

"त्यायचं सारं तसंच," आई म्हणाली. "ट्रॅक्टर घेतला तवा आंधी रिव्हर्स घेयाले शिकले. पुढं न्याले मंग."

तो आधी हसला, मग मी. आईही पदर तोंडाला लावून हसली, आणि हसताना तिला थोडा खोकला आला. बाबा गेल्यापासून त्यांच्यावर कोणी हसलं नव्हतं.

पण अडचण खरी होती. सोल्युशनने धरलेला जोड सुटत नाही. दोन्ही बाजूंनी पाइप ठेवून तो कापायचा आणि फिरवून पुन्हा जोडायचा, एवढाच मार्ग. त्यासाठी मध्ये जोडायला छोटे कपलर हवे होते. आमच्याकडे दुकानात मिळतात ते शेतीच्या पाइपाचे. या पाइपाच्या मापात नखभर फरक होता, ते बसेनात. कपलर मागवावेत तर किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं. आणि प्लास्टरचा मिस्त्री परवा येणार होता. त्याचंही सोयाबीन वावरात वाळत उभं होतं, एकदा तो गेला की दिवाळीपर्यंत येणार नव्हता. उघड्या विटांची खोली म्हणजे धुळीचंच आगर.

"पाइपातच पाइप घालतो," पाइपवाला म्हणाला.

हे आमच्या भागात सगळेच करतात. पाइपाचं एक टोक जाळावर धरून मऊ करायचं, त्यात दुसरा पाइप दाबून बसवायचा, थंड झालं की पक्कं. त्याने अंगणाच्या पार टोकाला, वारा आईकडे येणार नाही अशा जागी, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. पण हा पाइप वावरातल्या पाइपापेक्षा पातळ होता. पहिला तुकडा काळा पडून मुडपला. दुसऱ्याला फोड आले.

आई दूर ओट्यावर नाकाला पदर लावून पाहत होती. ती म्हणाली, "जाळावर काऊन धरतो बाप्पा? वाळूत घाल. फुटाने कसे भाजते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग मी चूल मांडली, जुनी लोखंडी कढई आणली, बांधकामाची बारीक वाळू चाळून घेतली. वाळू तापली की तो पाइपाचं टोक तिच्यात उभं खुपसायचा, गोल गोल फिरवायचा, आणि मेणासारखं झालं की दुसरा पाइप आत सारायचा. आत जाणारा पाइप खोलीकडचा आणि बाहेरचा यंत्राकडचा, हे मात्र आता तो प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचा. "कचरा येते तो आत. जाते तो बाहीर." म्हणजे कचऱ्याच्या वाटेत कुठे पाइपाची कड आडवी येत नाही. वातीचा कापूस घालून पाहिला, निघाला.

दोन-तीन जोड झाले असतील. आई ओट्यावरूनच म्हणाली, "लय मेहनत करून राह्यला रे बाबू. पन मी काई यंदा तठी झोपाले जात नाई."

"तठी म्हंजे?" त्याने विचारलं.

"नव्या घरात. वास्तू झाल्याबिगर कसं राहाव? अन् वर्ष झाल्याबिगर वास्तू कोन करते?"

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत शुभकार्य करत नाहीत, हे काही मला नवीन नव्हतं. शेजारच्या लग्नातल्या हळदीला मी याच कारणाने नकार देऊन आले होते. तरीही घराचा विचार करताना ते माझ्या मनात आलं नाही. पाइप बसले, प्लास्टर झालं, की आईची बाज नवीन खोलीत टाकायची, एवढंच चित्र माझ्यापुढे होतं. दादापुढेही तेच असावं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी कढई उतरवून तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, बाबांनी ते तुझ्यासाठीच बांधलं ना?"

"म्हनूनच त. त्यायच्या वर्सानंतर पूजा करीन, त्यायचं नाव घेईन, मंग जाईन. चोरावानी नाई जात मी त्यायच्या घरात."

"मग यंदा पुण्याला?"

ती रस्त्याकडे पाहत राहिली. रस्त्यावरून कोणाचं तरी मळणीयंत्र ट्रॅक्टरमागे हिंदकळत चाललं होतं, वडनेरकडून आलेलं असावं. तिकडे सोयाबीन आधी निघतं. आमच्याकडे आता चार दिवसांचा प्रश्न होता.

तिला समजावता येईल असं मला क्षणभर वाटलं. पुस्तकांतून काढून सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. पण तिच्या बोलण्यात मला खोडून काढावं असं काही सापडलं नाही. मीही बाबांचा मोबाइल अजून त्यांच्याच नावावर चालू ठेवला होता.

मी उठून जुन्या खोलीत गेले. आई झोपते ती खोली. बाजेच्या उशाशी भिंत, भिंतीवर बाबांचा फोटो, खाली फळी. ती भिंत मी हाताने चाचपली. मग बाहेरून वळसा घालून नवीन घरात आले आणि तीच भिंत दुसऱ्या बाजूने पाहिली. बांधताना बाबांनी ती तशीच ठेवली होती, जुन्या घराची पाठ आणि नव्या घराचं तोंड एकच. पांढरी रेघ तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन संपली होती.

"भाऊ," मी हाक मारली. "लाइन अजून थोडी पुढे नेता येईल का? या भिंतीतून आरपार?"

तो आला. भिंतीवर बोटाने ठोकलं. मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकू, तुमच्या उशाशी भोक पाडू काय?"

"पाडाले काय झालं. पन तो पाइप त नव्या घरातूनच येईन न?"

"हाव."

आईने विचार केला. "पाइपाले काय सुतक," ती म्हणाली. "येऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिला शेजारच्या काकूंकडे पाठवलं आणि छन्नी-हातोड्याने भिंत फोडली. जुनी भिंत मातीतली, जाड. एवढी धूळ निघाली की बाबांचा फोटो मी आधीच उतरवून ओढणीत गुंडाळला होता ते बरं झालं. पाइप आरपार आला. तोंडाचं पांढरं झाकण फळीखाली बसलं, आईला बाजेवरून हात पोहोचेल असं. खोली झाडून, पुसून, फोटो पुन्हा लावला, तेव्हा ती परत आली आणि झाकण उघडून-लावून पाहू लागली.

मिस्त्रीने प्लास्टरखाली पाइप बुजवण्याआधी जोड तपासायचे राहिले होते. पाण्याची लाइन असती तर पाइपवाल्याने पाणी भरून ठेवलं असतं आणि कुठे थेंब दिसतो ते पाहिलं असतं. इथं पाणी घालून चालणार नव्हतं. यंत्र शेडमध्ये लावलं, सुरू केलं, आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. मग जुन्या खोलीच्या दाराशी गेला. फोटोपुढे उदबत्ती जळत होती.

"काकू, काकाईची उदबत्ती घेऊ काय थोडी?"

"घे न. त्यायलेबी पाहू दे आपली लाइन."

तो उदबत्ती हातात धरून वाकून वाकून चालू लागला. मी मागे. प्रत्येक जोडापाशी थांबायचं. धूर सरळ वर गेला की पुढे. एका जोडापाशी धुराची रेघ वाकली आणि पाइपाच्या अंगात शिरली. त्याने तिथं सोल्युशन भरलं, पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ झाला. सगळे जोड झाल्यावर आईने तिच्या उशाशी झाकण उघडलं आणि उदबत्ती मागून घेतली. धूर पाइपाच्या तोंडाकडे एकदम पळाला, जणू कोणी हाक मारली. तिने दोन-तीनदा तसं करून पाहिलं. मग उदबत्ती फोटोपुढे ठेवून दिली.

मिस्त्री येऊन प्लास्टर करून गेला. पांढरी रेघ दिसेनाशी झाली.

आमच्या अंगणात मळणीयंत्र आलं त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. सकाळी मी दारं-खिडक्या लावल्या, आईचा दम्याचा पंप तिच्या हाताशी ठेवला, शेजारच्या काकूंना सांगितलं. पुण्याला न्यायची तिची पिशवी मी आदल्या दिवशीच भरली होती. ती दाराशी ठेवून निघाले. दिवसभर कोणती पुस्तकं दिली आणि कोणती घेतली ते मला आठवत नाही. परतताना नेहमीपेक्षा लवकरची बस धरली, तिच्यात मोताळ्यापासूनच हवेत सोयाबीनचा तो कोरडा, खसखशीत वास होता.

घरी आले तेव्हा अंगणात भुसकटाचा ढीग होता आणि सगळ्यावर पिवळट थर. दार आतून लावलेलं. मागच्या शेडमधून यंत्राचा आवाज येत होता, दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा. मी दार वाजवलं. आवाज थांबला. आईने दार उघडलं. तिच्या हातात नळी होती, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. श्वास थोडा वाजत होता, पण ती उभी होती.

"पाह्य बरं," ती म्हणाली आणि पत्र्याच्या भोकाकडे बोट दाखवलं. उतरतीचं ऊन त्यातून तिरकं भिंतीवर पडलं होतं. त्या काठीत धूळ होतीच. पण थोडी, आणि संथ. बाबांनी पाहिली होती तशी उकळी नव्हती.

त्यानंतरचे दिवस सगळे चांगले गेले असं नाही. काही रात्री तिला पंप घ्यावा लागला, एकदा डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी छाती तपासून गोळ्या बदलून दिल्या आणि ठीक आहे म्हणाले. दादाचा फोन आला तेव्हा मी तो आईकडे दिला.

"केव्हा निघता?" त्याने विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं.

"मी नाई निंगत. तूच ये दिवाईले, पोराबाळाईले घेऊन," आई म्हणाली. मग त्याचं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "खोकला हाय थोडा. पन घरचा हाय."

पिशवी मी त्या संध्याकाळी रिकामी केली. लुगडी घड्या घालून पुन्हा पेटीत ठेवली.

आता कापूसही वेचून होत आला आहे. नवीन घर बंद आहे, त्यातल्या तोंडांना झाकणं आहेत. वर्ष व्हायला अजून अवकाश आहे. आई रोज दुपारी नळी लावते, आणि उन्हं कलली की बंद करते. दिवे लागल्यावर घर झाडू नये, हा नियम तिने यंत्रालाही लावला आहे. एकदा मी उशिरा आले आणि भुसकटाने भरलेली चप्पल दारात झटकली. मी नळी काढायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे आता. सकाळी."

नळी तिने खुंटीला, केरसुणीच्या शेजारी टांगून ठेवली होती.